येरेवानहून एका दिवसात मठ आणि वायनरी : ठाण्याहून गटाने जाणाऱ्यांसाठी

आर्मेनियाची राजधानी येरेवान येथून सकाळी आठ वाजता निघून खोर विराप आणि नोरावांक हे दोन मठ व अरेनी गावातील एक वायनरी पाहून रात्रीच्या जेवणापर्यंत परत येता येते. जाऊन-येऊन हा प्रवास साधारण अडीचशे किलोमीटरचा होतो आणि तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रस्त्यावर असल्यामुळे उलटसुलट फिरावे लागत नाही. नौपाड्यात राहणारे आम्ही बावीस जण, त्यातले बहुतेक निवृत्त, सप्टेंबरच्या अखेरीस तो करून आलो आणि त्यानंतर ठाण्यातल्याच आणखी दोन गटांना मी त्याची आखणी करून दिली. तिन्ही वेळा ज्या अडचणी आल्या त्यांतल्या बहुतेक ठाण्यात बसूनच टाळता आल्या असत्या, म्हणून या लेखाचा बराच भाग विमानात बसण्यापूर्वीच्या कामांविषयी आहे.

ठाण्यात ठरवून टाकण्याच्या गोष्टी

पहिला प्रश्न गट किती जणांचा असावा हा आहे. येरेवानमध्ये सोळा ते अठरा जण बसतील अशी स्प्रिंटर गाडी सहज मिळते आणि तिचे भाडे माणशी वाटून घेतले तर परवडते. आम्ही बावीस असल्यामुळे आम्हाला मोठी बस घ्यावी लागली, तिच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्या रिकाम्या खुर्च्यांचे भाडेही आम्हीच भरले. त्यामुळे एकतर सोळांवर थांबावे किंवा सरळ तीसच्या पुढे जावे, मधल्या संख्येत पैसे वाया जातात. सोळा जणांत प्रत्येकाची ओळख असते, मोजणी पटकन होते आणि जेवायला एक लांब टेबल पुरते, त्यामुळे माझे मत सोळांच्या बाजूचे आहे.

भारतीय पासपोर्टधारकांना आर्मेनियासाठी ई-व्हिसा काढता येतो. तो २१ दिवसांच्या आणि १२० दिवसांच्या मुक्कामासाठी असतो. आठवड्याभराच्या सहलीला २१ दिवसांचा पुरेसा आहे. अर्ज भरताना नाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच्या तसे भरावे, कारण आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असणे-नसणे यावरून घोळ होतात आणि बँकेच्या पासबुकातले नाव वेगळे असले तरी तेथे त्याचा उपयोग नसतो. परत येण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरते का हे गटातल्या एकाने सर्वांचे पासपोर्ट हातात घेऊन तपासावे. ज्यांचे नूतनीकरण बाकी असेल त्यांनी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधीच घ्यावी. विमानाच्या प्रवासात बहुधा आखातातील एखाद्या विमानतळावर विमान बदलावे लागते, आणि तेथे दोन तासांपेक्षा कमी वेळ मिळत असेल तर ज्येष्ठांच्या गटाने ते तिकीट स्वस्त असले तरी घेऊ नये.

आर्मेनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. ही साधी गोष्ट दिवस ठरवताना फार उपयोगी पडते, कारण ठाण्यात सहा वाजता उठणाऱ्या माणसाला तेथे पहिले दोन-तीन दिवस पहाटे साडेचारलाच जाग येते. म्हणून ही दिवसाची सहल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच ठेवावी. तेव्हा आठला निघण्यासाठी कोणाला हाका माराव्या लागत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी ठेवली तर मंडळी तेथल्या वेळेला सरावलेली असतात आणि हॉटेलच्या न्याहारीवर रेंगाळतात. वार निवडताना शनिवार-रविवार टाळावा. शनिवारी मठांत लग्ने असतात, रविवारी सकाळी उपासना असते आणि दर्शनासाठी स्थानिक कुटुंबेही मोठ्या संख्येने येतात. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी अरेनीत वाइनचा उत्सव भरतो, तो पाहायचा असेल तर त्यासाठीच जावे, दोन मठांच्या सोबत तो जमत नाही. महिन्यांत मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवानजवळच्या सखल भागात पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि सावली फारशी नसते.

आता गटाच्या बैठकीविषयी. ही बैठक निघण्याच्या महिनाभर आधी घ्यावी आणि तिच्यात एक कागद फिरवावा. त्यावर प्रत्येकाने आपल्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : आपण काय खातो, आपण वाइन घेणार आहोत की नुसती चव पाहणार आहोत की अजिबात घेणार नाही, आणि आपले गुडघे व दम यांची खरी स्थिती काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माणसे खरे देत नाहीत. त्यावर आम्ही शोधलेला उपाय असा की निघण्यापूर्वीच्या दोन रविवारी सगळ्यांनी मिळून येऊरचा चढ चढायचा. खोर विरापला जमिनीखालच्या एका विवरात उभ्या शिडीने उतरावे लागते; जो येऊरला दोनदा थांबतो तो आपोआप त्या विवरात न उतरणाऱ्यांच्या यादीत जातो आणि कोणाला काही बोलून दाखवावे लागत नाही.

पैशांचे नियमही याच बैठकीत ठरवावेत. गाडी, वाटाड्या आणि दुपारचे जेवण हा सामायिक खर्च धरावा. वाइनची चव घेण्याचे शुल्क मात्र सामायिक वर्गणीत घालू नये, ते ज्याचे त्याने द्यावे. आम्ही ते घातले होते. परतीच्या वाटेवर न पिणाऱ्या सात जणांनी आपले पैसे परत मागितले आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते, पण तेवढ्यासाठी तासभर हिशेब चालला आणि घाटातून दिसणारा सूर्यास्त कोणी पाहिला नाही.

बैठकीतली शेवटची वीस मिनिटे माहितीसाठी ठेवावीत. मठ पाहायला जाणारा माणूस तेथली गोष्ट आधी ऐकून गेलेला नसेल तर त्याला चार दगडी भिंती दिसतात. आर्मेनियन लोकांचे चर्च हे तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चसारखे कॅथलिक नाही. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च ही वेगळी आणि फार जुनी परंपरा आहे, आणि परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारे आर्मेनिया हे पहिले राज्य मानले जाते. या मंडळींचा मुंबईशीही संबंध आहे. व्यापारासाठी आलेल्या आर्मेनियन कुटुंबांनी फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले सेंट पीटरचे चर्च आजही आहे, आणि आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक १७९४ मध्ये निघाले ते येरेवानमध्ये नव्हे, मद्रासमध्ये. सीएसएमटीला उतरून फोर्टमधले हे चर्च बाहेरून तरी पाहून यावे. पुढे नोरावांकला कोरीव दगड पाहताना त्याची आठवण होते.

खोर विराप : सकाळचे पहिले ठिकाण

येरेवानपासून खोर विराप सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे आणि पाऊण-एक तासात गाडी पोहोचते. हे ठिकाण सकाळीच का पाहायचे याचे कारण मठात नसून मठामागच्या डोंगरात आहे. ५,१३७ मीटर उंचीचा अरारत येथून अगदी समोर दिसतो. सकाळी नऊच्या सुमारास तो स्वच्छ दिसण्याची शक्यता जास्त असते. ऊन चढले की खोऱ्यात धुरकटपणा येतो आणि दुपारी पायथा नाहीसा होऊन नुसते पांढरे शिखर तरंगत राहते, किंवा तेही दिसत नाही. अरारत आर्मेनियाच्या राजचिन्हावर आहे, पण तो उभा आहे तुर्कस्तानात, आणि मधली सीमा १९९३ पासून बंद आहे. मठाच्या टेकडीवरून खाली पाहिले तर शेतांपलीकडे सीमेचे कुंपण आणि चौक्या दिसतात. डोंगराची छायाचित्रे खुशाल काढावीत, चौक्यांकडे कॅमेरा रोखू नये आणि गटात कोणी हौशी ड्रोनवाला असेल तर त्याचे यंत्र ठाण्यातच राहू द्यावे.

खोर विराप या नावाचा अर्थच खोल विवर असा आहे. राजा त्रदात तिसरा याने ग्रिगोर नावाच्या ख्रिस्ती माणसाला येथील विवरात टाकले आणि तो तेथे तेरा वर्षे जिवंत राहिला, कारण एक विधवा त्याला रोज भाकरी टाकत असे, अशी कथा सांगतात. पुढे राजाला वेड लागले, त्याच्या बहिणीला स्वप्न पडले की ग्रिगोरच त्याला बरे करील, ग्रिगोरला बाहेर काढले, राजा बरा झाला आणि त्याने नवा धर्म स्वीकारला. संताला कोंडणारा राजा आणि शेवटी संतापुढे झुकणारा राजा ही गोष्ट आपल्याकडच्या संतचरित्रांवर वाढलेल्या माणसाला परकी वाटत नाही, आणि म्हणूनच ती बैठकीत सांगून ठेवली की आमच्या गटातल्या मावशी-काकांनी वाटाड्याला एकामागून एक प्रश्न विचारले.

आज दिसणारे मुख्य चर्च १६६२ चे आहे. विवर त्याच्या बाजूच्या लहानशा प्रार्थनामंदिरात आहे. ते सुमारे सहा मीटर खोल असून जमिनीतल्या अरुंद भोकातून जवळजवळ उभ्या लोखंडी शिडीने उतरावे लागते. येथे गटप्रमुखाने शिडीच्या तोंडाशी उभे राहून एका वेळी चारपेक्षा जास्त जणांना खाली पाठवू नये. खाली हवा कोंदट असते, वर येणारे आणि खाली जाणारे एकाच शिडीवर समोरासमोर आले की कोणालाच हलता येत नाही. साडी, चपला आणि खांद्यावरची मोठी पिशवी या तिन्ही गोष्टी उतरताना अडचणीच्या ठरतात, त्यामुळे त्या दिवशी सर्वांनी सलवार किंवा पँट आणि पट्टा असलेले बूट घालावेत. ज्यांना उच्च रक्तदाब आहे, दमा आहे किंवा बंद जागेत घाबरायला होते त्यांनी उतरू नये. खाली एक रिकामी गोल खोली आहे, पाहण्यासारखे मोजकेच आहे; वर अरारतासमोर भिंतीवर बसून राहिलेल्यांचे काही नुकसान झाले असे मला वाटले नाही.

चर्चमध्ये वागण्याचे नियम थोडे आहेत. स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, पुरुषांनी टोपी काढावी, गुडघ्यांच्या वर जाणारे कपडे कोणीच घालू नयेत. मेणबत्त्या दाराशी मिळतात. त्या वाळूच्या पेटीत लावतात आणि त्याचे पैसे पेटीत टाकतात. बाहेर पडताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे-मागे चालत दारापर्यंत येतात; आपणही तसे केले तर बरे दिसते आणि देवळातून बाहेर पडताना गाभाऱ्याकडे पाठ न करणाऱ्या आपल्या लोकांना ते शिकवावे लागत नाही. मठाच्या पायथ्याशी काही जण पिंजऱ्यातली कबुतरे घेऊन उभे असतात आणि पैसे दिले की ती सोडायला देतात. ती कबुतरे पाळलेली असून घरी परत जातात, तेव्हा पक्ष्याला मुक्त करण्याचे पुण्य मिळते अशा समजुतीने पैसे देऊ नयेत. काही मठांच्या आवारात नवस म्हणून कोकरू किंवा कोंबडा कापण्याची ‘मताघ’ नावाची प्रथाही आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती दृष्टीस पडू शकते. गटातल्या शाकाहारी मंडळींना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी कोणी बिथरत नाही.

सव्वा दहाला गाडीत बसलेच पाहिजे. येथे अर्धा तास गेला की तो शेवटी वायनरीच्या वेळेतून कापला जातो.

नोरावांक आणि तेथला जिना

पुढचा रस्ता आधी सपाट जातो आणि मग घाट चढून पलीकडच्या वायोत्स झोर प्रांतात उतरतो. दीड तास लागतो. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी खोर विरापला घ्यावी, घाट सुरू झाल्यावर नव्हे. रस्त्याच्या कडेला फळांच्या टपऱ्या आहेत, आणि चालक कधी कधी आपल्या ओळखीच्या दुकानापाशीच गाडी थांबवतात. आमची गाडी अशा एका दुकानात पाऊण तास अडकली. थांबे कोणते आणि किती हे गाडी ठरवताना लेखी घ्यावे.

अरेनी गाव ओलांडल्यावर एक फाटा अरुंद दरीत शिरतो. दोन्ही बाजूंना तांबूस कडे आणि त्यांच्या शेवटी त्याच रंगाच्या दगडात बांधलेला मठ, असे हे नोरावांक आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी येथे मठ उभा राहिला आणि ओर्बेलियान घराण्याच्या आश्रयाखाली तो वाढला. येथे ज्याचे नाव लक्षात ठेवायचे तो मोमिक. तो वास्तुकार होता, शिल्पकार होता आणि हस्तलिखितांत चित्रेही काढत असे. १३३९ मध्ये पूर्ण झालेले दुमजली चर्च त्याच्या नावाशी जोडलेले आहे. खालच्या मजल्यावर दफनाची जागा आणि वरच्या मजल्यावर प्रार्थनेची. वर जाण्यासाठी दर्शनी भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी वर चढतात. त्या जेमतेम पावलाएवढ्या रुंद आहेत आणि त्यांना कठडा नाही.

या जिन्याविषयी गटाचा निर्णय आधीच झालेला असावा. चढणे जमते, उतरणे जमत नाही, आणि एकाने चढलेले पाहून दुसरा चढतो. साठीच्या पुढच्यांनी चढूच नये असे मी म्हणेन; आमच्यातल्या एका गृहस्थांना शेवटी बसून, एकेक पायरी सरकत खाली यावे लागले आणि तोवर खाली सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

खालून पाहण्यासारखे भरपूर आहे. शेजारच्या चर्चच्या पुढच्या दालनाला, ज्याला गावित म्हणतात, खिडकीवर दाढीधारी ईश्वरपित्याचे शिल्प कोरलेले आहे. मोठे डोके, बदामी डोळे. ईश्वरपित्याची अशी मूर्ती आर्मेनियन शिल्पात क्वचितच आढळते. आवारात खाच्कार, म्हणजे क्रूस कोरलेले उभे दगड आहेत. प्रत्येकाची जाळी वेगळी आणि एकाही ठिकाणी कोरा दगड सोडलेला नाही. खाच्कार कोरण्याची कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेण्यात आली. गावितच्या जमिनीतल्या लाद्या या थडग्यांच्या शिळा आहेत. आमच्या मंडळींचे पाय तेथे अडखळले. पण लोकांच्या पायांखाली यावे अशी इच्छा ठेवून दाराशी पुरले जाणे ही तेथे नम्रतेची रीत आहे हे वाटाड्याने सांगितल्यावर पंढरपूरच्या नामदेव पायरीची आठवण एकाच वेळी तिघांनी काढली आणि पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

जेवण आधी, वाइन नंतर

एकच्या सुमारास नोरावांकहून निघून दरीच्या तोंडाशी किंवा अरेनीत जेवावे. रिकाम्या पोटी वायनरीत जाणे हा या दिवसातला सर्वांत सहज टाळता येणारा मूर्खपणा आहे, तरीही वेळ वाचवण्यासाठी गट तो करतात.

शाकाहारी मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही, पण शब्द माहीत हवा. आर्मेनियन चर्चच्या उपासाच्या दिवसांत मांस, अंडी आणि दूध या तिन्ही गोष्टी वर्ज्य असतात, आणि उपासाला तेथे ‘पास’ म्हणतात. आपल्या उपासाशी त्याचे कानाला जमते हा योगायोग असावा, पण लक्षात ठेवायला सोपा. ‘शाकाहारी’ सांगितले तर कधी कधी मांसाच्या रश्श्यातून फोडी काढून दिल्या जातात. ‘पासचे’ सांगितले तर डाळी, कडधान्ये आणि धान्य भरलेला, आंबट कोबीत गुंडाळलेला डोल्मा मिळतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र भाजलेली वांगी, टोमॅटो, काकडी, दही घ्यायचे असेल तर मात्सुन आणि आपल्या ताकासारखे तान यांवर भागवावे लागेल. लावाश ही कागदासारखी पातळ रोटी जमिनीतल्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजतात. ती कोठेही मिळते. जेवण किती वाजता आणि किती जणांचे, त्यात किती पासचे, हे आदल्या दिवशी फोनवर कळवावे. सोळा जणांची मागणी तेथे पोहोचल्यावर दिली तर पाऊण तास जातो.

जेवणानंतर अर्धा तास उरत असेल तर नोरावांकच्या फाट्याजवळच अरेनी-१ ही गुहा आहे. २००७ पासून तेथे उत्खनन झाले आणि त्यात सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची वाइन करण्याची जागा सापडली. द्राक्षे तुडवण्याचे उथळ मातीचे पात्र, त्यातून रस जाऊन पडणारा रांजण, द्राक्षांच्या बिया आणि वाळलेली साले असे ते अवशेष आहेत. वायनरीत जे ऐकायचे आहे त्याची जमीन येथेच तयार होते, म्हणून मी गुहा गाळण्याच्या बाजूचा नाही. वेळ कमी पडलाच तर खोर विरापमध्ये कमी वेळ घालवावा.

वायनरीत

आपल्यातल्या अनेकांनी नाशिकची वायनरी पाहिलेली असते आणि त्यांना वाटते की येथेही तेच. फरक द्राक्षाच्या वर्षातच आहे. नाशिककडे वेल कधीच पूर्ण झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपतानाची गोडी छाटणी करून फळ थंडीत आणतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्चमध्ये होते. आर्मेनियात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल सुप्त होतात, अरारत खोऱ्यात तर थंडीपासून वाचवण्यासाठी ते जमिनीवर वाकवून मातीने झाकतात, आणि तोड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. अरेनी हे गावाचेच नाव असलेले काळे द्राक्ष जाड सालीचे असते. समुद्रसपाटीपासून हजार मीटर आणि त्याहून वर दिवसा कडक ऊन व रात्री गारवा मिळाल्याने त्यातला आंबटपणा टिकून राहतो, त्यामुळे त्याची लाल वाइन गडद असली तरी जड लागत नाही. पांढऱ्या वाइनसाठी वोस्केहात हे द्राक्ष विचारावे. काही वायनऱ्या कारास नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवतात. ते दाखवता का, असे आधी विचारून वायनरी निवडावी.

मठ आणि वाइन हे एकाच दिवसात बसवणे काहींना खटकते. आमच्याही बैठकीत ‘देवाच्या दारातून दारूच्या दारात’ असे एक जण म्हणाले होते. तेथे मात्र दोन्ही एकाच धाग्यात आहेत. उपासनेत वाइन लागते, आणि आर्मेनियन चर्च ती पाणी न मिसळता वापरते. ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास, १५ ऑगस्टजवळच्या रविवारी, चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो आणि तोपर्यंत नवी द्राक्षे न खाण्याची जुनी प्रथा आहे. नवान्नाआधी नवे धान्य न खाणाऱ्या घरात वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चव घेण्याची रीत अशी. आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल, आणि गोड किंवा फळांची वाइन सर्वांत शेवटी; गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. ग्लास दांडीने धरावा, थोडा फिरवावा, वास घ्यावा, मग छोटा घोट तोंडात फिरवावा. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्याचा उपयोग करण्यात कोणाचा अपमान नाही. एका चवीला चाळीस मिलिलिटर धरले तर पाच चवींत दोनशे मिलिलिटर वाइन पोटात जाते, म्हणजे भरलेल्या एका ग्लासापेक्षा जास्त. पहिल्यांदाच घेणाऱ्याने तीनवर थांबावे. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधे किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधे चालू असणाऱ्यांनी ठाण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून यावे, आणि त्यांनी नको म्हटले असेल तर चव घेण्यापुरतीही घेऊ नये. यजमान ग्लास उंचावून ‘केनात्स’ म्हणतील, म्हणजे जीवनासाठी. न पिणाऱ्यांनी द्राक्षाच्या रसाचा किंवा पाण्याचा ग्लास उचलून तेच म्हणावे. आभारासाठीचा आर्मेनियन शब्द लांब आणि अवघड आहे; स्वतः आर्मेनियन लोकही बोलताना ‘मेर्सी’ म्हणतात.

न पिणाऱ्यांसाठी वेगळी सोय आधी मागून घ्यावी. द्राक्षमळ्यात फेरी, रस आणि गाता नावाची गोड रोटी एवढे मिळाले तरी त्यांचा तास चांगला जातो. ते सांगितले नसेल तर सात माणसे एका बाकावर मोबाईल पाहत बसतात आणि बाकीचे अपराधी चेहऱ्याने घोट घेतात.

बाटल्या आणि परतणे

अरेनीच्या रस्त्यावर शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांत घरगुती वाइन विकायला ठेवलेली दिसते. ती स्वस्त असते, पण विमानातून आणण्याच्या लायकीची नसते आणि त्या बाटलीत फार दिवस टिकतही नाही. घ्यायची तर वायनरीतली सीलबंद बाटली घ्यावी. डाळिंब, जर्दाळू किंवा चेरीची गोड वाइन ठाण्यातल्या नवख्या पाहुण्यांना अरेनीच्या लाल वाइनपेक्षा लवकर आवडते, हा माझा अनुभव आहे. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे दोनच बाटल्या, तिसरीने मर्यादा ओलांडली जाते. बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत. प्रत्येक बाटली प्लास्टिक पिशवीत, मग मोज्यात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून चेक-इनच्या बॅगेच्या मधोमध ठेवावी, कडेला नव्हे. एकाच्या बॅगेत सहा जणांच्या बाटल्या भरू नयेत, कारण सीमाशुल्काचा हिशेब बॅग ज्याची त्याच्या नावावर होतो.

पावणेपाचला वायनरीतून निघाले की सातच्या आत येरेवान येते. गाडीत बसल्यावर मोजणी नावे घेऊन करावी, नुसत्या डोक्यांची नव्हे. वाइननंतर सोळा आणि पंधरा यांतला फरक मोजणाऱ्यालाही कळत नाही. चालकाने दिवसभरात एक थेंबही घेतलेला नाही याची खात्री गटप्रमुखाने स्वतः करावी आणि वायनरीत त्याला यजमानाने ग्लास पुढे केला तर मधे पडून नको म्हणावे. चालक आणि वाटाड्या यांची बक्षिसी गाडीतच गोळा करून दोघांना वेगवेगळ्या पाकिटांत द्यावी. दिवसाचा सामायिक हिशेब त्याच रात्री हॉटेलच्या लॉबीत पूर्ण करावा, कारण तो ठाण्यात आणला की तलावपाळीवर पुढचे दोन महिने त्याचीच चर्चा चालते.